कानाने लावलेलं टायमिंग

मोन्तेरो
११ सप्टेंबर १९८८

सेनोबियोदादा,

पोहोचल्याचं पत्र उशिरा लिहितेय. पोहोचल्यापासून मी चिडलेली आहे, आणि माझी चिडकी पत्रं तू अर्धी वाचून सातुर्निनावहिनीकडे सरकवतोस, हे मला माहीत आहे. हे मात्र शेवटपर्यंत वाच.

तुझी धर्मलेक, म्हणजे माझी डॅटसन, कोचाबांबाचा घाट उतरेपर्यंत शहाण्यासारखी चालली. खाली सपाटीवर आली आणि तिला वाचा फुटली. चार माणसं बसवून जरा ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून आवाज येतो. पातेल्यात मक्याचे दाणे तडतडावेत तसा. पाय उचलला की बंद. गाडी रिकामी असली की एक शब्द नाही. दुपारच्या उन्हात मात्र असा काही तडतडाट करते की मागे बसलेली माणसं एकमेकांकडे बघतात.

दादा, ही गाडी म्हणजे आमची हौस नाही. तुझ्या कासिमिरो मेव्हण्याची पाठ साखर कारखान्यात मोडल्यापासून घरात कमावणारे दोघेच, गाडी आणि मी. तीन वर्षं वाट पाहिली तेव्हा टॅक्सी संघटनेने मला रांगेतला चौदा नंबर दिला. आधीच मी कोया, डोंगरावरची, त्यात बाई. देताना त्यांची तोंडं कशी झाली होती ते तुला सांगत नाही.

बसस्टँडसमोर रुबेर मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने शेजारी बसून एक फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, हे नॉकिंग. टायमिंग पुढे गेलंय, ठिणगी लवकर पडतेय. दोन मिनिटांचं काम." लगेच बॉनेट उघडून ते मागे फिरवायला त्याने डिस्ट्रिब्युटरला पाना लावला. मी त्याचं मनगट धरलं. तिथे तुझी लाल रेघ आहे ना!

तो हसायला लागला. "तुमच्या भावाने इंजिनाला नेलपॉलिश लावलंय?" मी सांगितलं, माझा भाऊ या गाडीचा धर्मबाप आहे. कोपाकाबानाला पाद्रीबाबांनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं, भावाने चाकांवर बिअर ओतली, आणि मग सगळ्या नातेवाइकांसमोर स्वतःच्या हाताने लावलेल्या टायमिंगवर अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी इंजिनावर अशी ती रेघ मारली. ती रेघ दुसऱ्या कुणी हलवायची नाही.

"मग धर्मबापाला बोलावून घ्या," रुबेर म्हणाला, "नाहीतर पिस्टनच्या मातीला तरी बोलवा."

काय करू ते लगेच कळव. पत्र बसवाल्याच्या हाती दे, पोस्टात टाकू नकोस.

लेओकादिया

*

एल आल्तो
१९ सप्टेंबर

लेओ,

पत्र शेवटपर्यंत वाचलं, आणि मीच वाचलं. तुझा राग मला नवा नाही. लहानपणी तू शेळ्यांवरसुद्धा चिडायचीस.

आता नीट ऐक. एका फेरीत "टायमिंग पुढे गेलंय" सांगणारा मिस्त्री म्हणजे नाडी न बघता औषध देणारा वैदू. इंजिन ठोकतं म्हणजे काय? आवाज जाड आहे का बारीक? जाड असेल, गाडी उभी असतानाही खालून धपधप येत असेल, तर ते बेअरिंग. बारीक असेल, ओझ्यावर येत असेल, पाय उचलताच जात असेल, तर ठिणगी वेळेआधी पडतेय. पिस्टन वर येत असतो आणि भडका आधीच पेटून त्याच्या डोक्यात बसतो. हे मी त्या रुबेरच्या जन्माआधीपासून जाणतो.

पण ठिणगी लवकर पडल्यासारखी वाटण्याची कारणं दहा. तिथलं पेट्रोल हलकं असेल. दुसऱ्या पंपावर भर. प्लग तापत असतील. थंड जातीचे घाल. डोक्यात काजळी साठून ती निखाऱ्यासारखी पेटत असेल. हेड उतरवून खरवडून घे. हे सगळं आधी कर.

आणि गाडी सखल मुलखात जाणार हे मला ठाऊक नव्हतं असं वाटलं की काय तुम्हाला? इथे वर हवा विरळ, ठिणगी जरा लवकर पडली तरी इंजिन सांभाळून घेतं. तिथे हवा दाट, भडका जोरकस, तिथे चालत नाही. म्हणून तर कोपाकाबानाला निघायच्या आधी इथल्या सेहाच्या चढावर गाडी भरून नेली, थोडं थोडं पुढे घेत गेलो, पहिली तडतड ऐकली, तिथून नेहमीसारखा मागे आलो, आणि तुझ्यासाठी म्हणून आणखी दोन नखं मागे घेतलं. मग कोपाकाबानाला रेघ मारली. अठरा वर्षं माझ्या दारावर बोर्ड आहे: "येथे कानाने टायमिंग लावून मिळेल." एक गाडी परत आली नाही.

तुझा रुबेर टायमिंग बघायला तो दिवा वापरतो ना? पुलीवर लुकलुक करणारा? वाटलंच मला. ज्याला कान नसतो त्याला दिवा लागतो.

रेघेला हात लावू द्यायचा नाही. कासिमिरोला म्हणावं, उताणा झोप, पाठ सरळ राहील.

दादा

*

मोन्तेरो
६ ऑक्टोबर

दादा,

तू सांगितलंस ते सगळं केलं. पंप बदलला. नंतर तिसऱ्या पंपावर गेले. प्लग नवे घातले. हेड उतरवून काजळी खरवडली. त्यात तीन दिवस गाडी उभी राहिली आणि आम्ही घरात युकाचे कंद उकडून खाल्ले, सकाळीही आणि संध्याकाळीही. गाडी जोडली, चार माणसं बसवली, कारखान्याच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत मका पुन्हा तडतडायला लागला.

काल मागच्या सीटवरची एक जाडजूड बाई म्हणाली, "मावशी, भाजून झाला की आम्हालाही मूठभर द्या." सगळे हसले. मीसुद्धा हसले. हसू नको तर काय करू, उतरून जातील ना! संघटनेचा सेक्रेटरी एलादियो मला बाजूला घेऊन म्हणाला, "चौदा नंबर, तक्रारी येताहेत."

रुबेरने नवा घातलेला एक प्लग काढून दाखवला. पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याची पूड उडावी तसे बारीक चकचकीत कण होते. म्हणाला, "ताई, ही पूड कसली सांगा? ही तुमच्या पिस्टनची आहे. तो आतून झिजतोय."

आता तुझ्याच पत्रातलं तुला वाचून दाखवते. "बारीक असेल, ओझ्यावर येत असेल, पाय उचलताच जात असेल, तर ठिणगी वेळेआधी पडतेय." बारीक आहे. ओझ्यावर येतो. पाय उचलताच जातो. दहा कारणांतली नऊ मी माझ्या हातांनी पुसून काढली. उरलं कोण? तुझी ती रेघ!

रुबेर रोज विचारतो, "आज फिरवू का?" मी रोज नाही म्हणते. सगळं गॅरेज मला हसतं. पण कोपाकाबानाला तू सगळ्यांसमोर शब्द घेतलास, तो मी मोडणार नाही. तू मोकळं कर. "फिरव" एवढा एक शब्द लिहून पाठव.

विश्वास बसत नसेल म्हणून सोबत कॅसेट पाठवतेय. रुबेरने गाडी चालवली, मागे चार माणसं, मी खिडकीतून टेपरेकॉर्डर बाहेर धरला. कारखान्याच्या लांब भिंतीला लागून गाडी नेली, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येतो. तूच शिकवलं होतंस ते. इतकं स्वच्छ आलंय की ऐकताना माझे दात शिवशिवतात.

ऐक आणि लिही.

लेओ

*

एल आल्तो
१४ ऑक्टोबर

लेओकादिया,

कॅसेट ऐकली. तीनदा ऐकली. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून ऐकली, मग मांडीवर घेऊन ऐकली, मग कानाला लावून ऐकली. इंजिनाची घुमघुम ऐकू आली. गिअर बदलल्याचा धक्का ऐकू आला. तो रुबेर कसल्याशा विनोदावर घोगऱ्या आवाजात हसतो तेही ऐकू आलं. तडतड कुठे आहे? तडतड नाहीच! चर्चमधल्या बाजाच्या पेटीसारखं सरळ, गोल इंजिन आहे. असं इंजिन लावल्याबद्दल लोक माझा हात हातात घेतात.

आता मला कळलं. तुला गाडीचा त्रास नाही, तुला माझा त्रास आहे. सखल मुलखात चार वर्षं राहिलीस आणि तुझी जीभ बदलली. तिथल्यांनी तुला सांगितलं, डोंगरावरचे लोक अडाणी, बिअर ओतून गाड्या बरकतीला आणतात. आणि तुला ते पटलं. भावाच्या हाताने लावलेली गाडी चालवायची लाज वाटायला लागली. चार टवाळ माणसं आणि एक दिवेवाला मिळून एका बाईला "ऐकू येतं का, ऐकू येतं का" म्हणत राहिले, की तिला ऐकू यायला लागतं.

मिऱ्याची पूड म्हणे! त्यानेच प्लग कुठेतरी घासला असेल.

स्पष्ट लिहितो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. ती रेघ ज्या दिवशी तुटेल त्या दिवसापासून मी त्या गाडीचा धर्मबाप नाही, आणि तुझा भाऊही नाही.

सेनोबियो आपासा
मिस्त्री

*

मोन्तेरो
२५ ऑक्टोबर

सेनोबियो,

काल दुपारी पोर्ताचुएलोच्या रस्त्यावर तुझं गोल इंजिन फुटलं.

गाडीत सहा माणसं होती, त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर चीजची परडी. तडतड चालूच होती. रोजची म्हणून मी दात आवळून चालवत होते. मग एकदम तडतड थांबली. मला वाटलं, देव पावला. दुसऱ्या क्षणी खाडकन आवाज झाला, गाडी लंगडायला लागली, मागे निळ्या धुराचा लोट. माणसं उतरून उन्हात चालायला लागली. म्हातारा जाताना म्हणाला, "पोरी, तुला सांगायला हवं होतं, केव्हाची ठोकत होती." त्याला ऐकू येत होतं!

रुबेरने इंजिन खोललं. तिसरा पिस्टन. रुबेरने तो फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. त्याने मला हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

घरी आले ती तुझी कॅसेट लावायला. म्हणजे माझी, ती पाठवण्याआधी मी एक नक्कल काढून ठेवली होती. मला बघायचंच होतं की मी वेडी आहे का. माझ्या सासूबाई तुला माहीत आहेत. सूप झालं हे त्यांना कानाशी तोंड नेऊन सांगावं लागतं. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. अर्धं मिनिट झालं नसेल, म्हणाल्या, "काय गं, जाळावर काही ठेवलंयस का? तडतडतंय, बघ, करपेल."

सेनोबियो, सत्तर वर्षांच्या म्हातारीला भिंतीपलीकडून जे ऐकू येतं ते तुला कानाला लावून ऐकू आलं नाही.

तुला जाड आवाज ऐकू येतो. रुबेरचं हसणं ऐकू येतं, गिअरचा धक्का ऐकू येतो. बारीक आवाज ऐकू येत नाही. आणि माझं टायमिंग तू त्याच बारीक आवाजावर लावलंस. सेहाच्या चढावर पहिली तडतड ऐकली म्हणतोस, ती तू ऐकलीच नव्हतीस. मग तू कुठून मागे आलास? जिथून दोन नखं मागे घेतलंस ती जागाच चुकीची होती.

आता पुढचं. इंजिनाचा ब्लॉक सान्ता क्रूसला पाठवून त्यातली पिस्टनची छिद्रं नव्याने कातून आणावी लागतील, त्याला वीस-पंचवीस दिवस लागतात. संघटनेचा नियम असा: गाडी पंधरा दिवस रांगेबाहेर राहिली की नंबर पुढच्या माणसाला जातो. मग माझ्यासारखीला पुन्हा तीन वर्षं. माझी मुदत आठ नोव्हेंबर. सूट एकच आहे. मिस्त्रीच्या चुकीने गाडी मोडली, असं त्या मिस्त्रीने स्वतः सही-शिक्क्यासह लिहून दिलं, तर नंबर राखून ठेवतात.

तर लिहून दे. "टायमिंग मी चुकीचं लावलं." बस.

सोबत तिसरा पिस्टन पाठवतेय. ऐकू येत नाही, निदान बघ.

लेओकादिया

*

एल आल्तो
३० ऑक्टोबर

लेओकादिया,

पिस्टन मिळाला. बसवाला दाराबाहेर बराच वेळ हॉर्न वाजवत होता म्हणे, शेवटी सातुर्निना बाजारातून आली तेव्हा तिच्या हातात देऊन गेला. मी तेव्हा तिथेच, दुकानात, पाठमोरा बसलो होतो. कामात असलो की मी कुणाकडे लक्ष देत नाही.

पिस्टन बघितला. कड उंदराने कुरतडल्यासारखी, रिंगेची खाच तुटलेली. असे पिस्टन मी पुष्कळ पाहिलेत, दुसऱ्या मिस्त्र्यांच्या गाड्यांतले. बोट फिरवून पाहिलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

या पत्रासोबत चार नवे पिस्टन आणि रिंगांचा संच पाठवला आहे. छिद्रं मोठी कातून घ्यायला सांग, हे त्या मापाचे आहेत. ब्लॉक पाठवायच्या आधी माप रुबेरला दाखव. हे मी भाऊ म्हणून करतो.

पण ती चिठ्ठी मागू नकोस. तुझ्या एलादियो सेक्रेटरीचा मेव्हणा माझ्याच रस्त्यावर टायर विकतो. आज तिकडे सही केली तर परवा इथल्या चहाच्या गाड्यावर लोक ती तोंडपाठ म्हणून दाखवतील. "आपासाला ऐकू येत नाही!" मग माझ्या दारात कोण गाडी लावेल? बोर्डावर काय लिहिलंय ते तुला माहीत आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही, लेओ. यंत्रं नाहीत, कागद नाहीत, शाळा तुला दिली, मला नाही. कानच आहेत. ते तू मला तुझ्या एका नंबरापायी चव्हाट्यावर टांगायला सांगतेस?

मी बहिरा नाही. सातुर्निना हल्ली पुटपुटते, तोंडातल्या तोंडात बोलते, तिला मी सारखा सांगतो की नीट बोल. एवढंच आहे.

सेनोबियो

*

मोन्तेरो
४ नोव्हेंबर

आपासा मिस्त्री यांस,

पिस्टन मिळाले. चांगले आहेत. पिस्टन दाखवून नंबर राखता येत नाही.

मुदतीला चार दिवस उरले म्हणून थोडक्यात लिहायला बसले होते. पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि राग आवरेना, आता सगळंच लिहिते.

वहिनी पुटपुटत नाही. वहिनीचा आवाज बाजारात तीन ओळी पलीकडे ऐकू जातो. कोपाकाबानाला मी तुला मागून तीनदा हाक मारली, बिअरची बाटली दे म्हणून. तू वळला नाहीस. मला वाटलं, चढली आहे. चढली नव्हती. मी हसून सगळ्यांना म्हणाले, "आमचा दादा बघा!" आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तुझे कान कुठे गेले ते मला माहीत आहे. नऊ वर्षं खाणीत तू ड्रिल मशीन छातीला लावून दगड फोडलास. कानात कापूस कोंबायचास, तोही घरून, कंपनीने कधी काही दिलं नाही. संध्याकाळी यायचास तेव्हा तुझ्याशी बोललेलं तुला कळायचं नाही, आई खुणा करायची. त्या पगारावर मी शाळेत गेले. जी अक्षरं मी आता तुझ्या तोंडावर फेकतेय ती त्याच पैशांची आहेत. मला सगळं कळतं. कान गेले याचा मला राग नाही. राग खाणीचा येतो, तिथल्या साहेबांचा येतो, आणि रडूही येतं, ते तुला दाखवणार नाही.

पण तू मला काय लिहिलंस? जीभ बदलली. लाज वाटते. चार टवाळांचं ऐकते. मी दोन महिने सगळ्या गावाचं हसू सोसलं, पोरांना युका खायला घातला, पण तुझ्या रेघेला कुणाला बोट लावू दिलं नाही. ज्याच्या शब्दापायी इंजिन फोडून घेतलं त्याने मला खोटारडी म्हणावं? तुला ऐकू येत नव्हतं, ठीक. मी लिहिलं होतं ना! लिहिलेलं तर तुला वाचता येत होतं. माझ्यावर विश्वास ठेवायला कान कशाला लागतात?

परवा ब्लॉक सान्ता क्रूसला न्यायला रुबेरने डिस्ट्रिब्युटर उपसून काढला. रेघ तुटली. मी तिथे उभी होते, मीच म्हणाले, काढ. तेव्हा तुझ्या शब्दाप्रमाणे आता तू माझा भाऊ नाहीस.

मग भाऊ म्हणून लिहू नकोस. मिस्त्री म्हणून लिही. मिस्त्र्याच्या हातून चूक झाली की मिस्त्री ती कबूल करतो, हे मला एका मिस्त्र्यानेच शिकवलं होतं.

आठ तारखेला दुपारी बाराला एलादियो वही उघडेल.

लेओकादिया आपासा
चौदा नंबर, अजून तरी

*

एल आल्तो
६ नोव्हेंबर

सेक्रेटरी, टॅक्सी चालक संघटना, मोन्तेरो, यांस

मी, सेनोबियो आपासा ममानी, मिस्त्री, राहणार एल आल्तो, लिहून देतो की चौदा नंबरच्या डॅटसन गाडीचं टायमिंग ऑगस्ट महिन्यात मी स्वतः लावलं आणि ते फार पुढे लावलं. त्यामुळे इंजिन ठोकत राहिलं आणि तिसरा पिस्टन फुटला. गाडी चालवणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही. त्यांनी मला दोन पत्रांनी आणि एका कॅसेटने वेळेवर कळवलं होतं. त्यांच्या तिथल्या मिस्त्र्याचं निदान बरोबर होतं. मीच टायमिंग बदलू दिलं नाही.

चुकीचं कारण असं की मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. किती वर्षांपासून, ते मला नक्की सांगता येत नाही. डिस्ट्रिब्युटरवर लाल रेघ असलेली आणखी कोणतीही गाडी तुमच्या रांगेत असेल तर ती माझी आहे. तिचं टायमिंग तपासून घ्यावं.

चौदा नंबर राखून ठेवावा ही विनंती.

सही आणि शिक्का खाली आहे. शिक्क्यात "कानाने" असा शब्द आहे, तो मी पेनने खोडला आहे.

सेनोबियो आपासा ममानी

*

(त्याच पाकिटात)

लेओ,

वरचं वाचलंस की पाकीट चिकटव आणि एलादियोला नेऊन दे. बसवाला आठला सकाळी पोहोचतो. त्याला सांगितलंय, पाकीट हरवलंस तर तुझ्या बसचं टायमिंग मी लावीन.

मी अजून चिडलेलो आहे. कुणावर ते विचारू नकोस, रोज माणूस बदलतो.

परवा सातुर्निनाला समोर बसवून कॅसेट लावली. म्हटलं, ऐकू आलं की हात वर कर. तिने सुरुवातीलाच हात वर केला, आणि मग तो खाली घेईचना. मी तिच्यासमोर बसलो होतो, लेओ. हात वर, आणि माझ्याकडे नुसती घुमघुम. तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. मी चिडेन म्हणून गप्प राहिली. मग मी चिडलोच.

सेहाच्या चढावर मी तडतड ऐकली नव्हती. तू लिहिलंस ते खरं आहे. दरवाजावर तळहात ठेवून पुढे पुढे घेत गेलो, हाताला हादरा बसला तेव्हा थांबलो. हाताला बसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. इथे वरची हवा माझ्या चुका पोटात घालत होती. जूनमध्ये एक माणूस खालच्या दऱ्यांतून असाच पिस्टन घेऊन आला होता, त्याला मी पेट्रोलच्या नावाने शिव्या देऊन परत पाठवला. काल त्याच्या घरी जाऊन आलो. त्याने मला दारातच उभं केलं. बरोबर केलं.

बोर्ड काढला. भिंतीवर त्या जागी स्वच्छ चौकोन राहिलाय, येणारेजाणारे बघतात.

सोबत सातुर्निनाची नेलपॉलिशची बाटली पाठवलीय, तळाशी थोडं उरलंय. इंजिन जोडून आलं की गाडीत जाडजूड माणसं बसव, तुमच्याकडे चढ नाही म्हणून. वरच्या गिअरमध्ये हळू चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. पहिली तडतड ऐकलीस की तिथून मागे ये. रेघ तू मार. तुझ्या कानावर.

आणि एक काम आहे. त्या रुबेरला विचार, तो दिवा कुठे मिळतो आणि त्याच्या तारा कशा जोडायच्या. तोंडी निरोप नको, त्याला लिहून पाठव म्हणावं. मोठ्या अक्षरात नको. डोळे चांगले आहेत.

दादा